दोघांची भीती मला एकटीला

"मॅडम, मरता मरता वाचलेला माणूस परत जायचं म्हणतोय. आता डोकं त्याचं फिरलंय का माझं, तेवढं सांगा."

खुर्चीत बसायच्या आधीच ती हे बोलली. हातात पिशवी, पिशवीत नवऱ्याची मेडिकलची जाड फाईल. फाईल बघून मी काय करणार, हा प्रश्न तिला पडलेला नव्हता. वीस महिने ती फाईल काखेला मारूनच ती सगळीकडे जात होती, तशीच माझ्याकडेही आली.

साताऱ्यात समुपदेशन करायला लागून मला 19 वर्षं झाली. इथे फौजी घर नाही असा रस्ता सापडणं कठीण. जवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावातच 'मिलिटरी' आहे. त्यामुळे "हे परत ड्यूटीवर चाललेत, मला झोप येत नाही" हे वाक्य मी किती बायकांच्या, आयांच्या तोंडून ऐकलं असेल याची मोजदाद नाही. जखमी होऊन आलेला माणूस बरा झाला की घरात आनंद व्हायला हवा. होतोही. पण 'बरा झाला' म्हणजेच 'परत जाणार', आणि हे दुसरं वाक्य घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. ही गोष्ट त्या दुसऱ्या वाक्याची आहे. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे, नावं तर दिलेलीच नाहीत. त्याला आपण हवालदार म्हणू.

हवालदाराची नोकरी चौदा वर्षांची, लग्नाला नऊ वर्षं, दोन मुलं. काश्मीरमध्ये एलओसीवर स्फोटात उजव्या मांडीत छर्रे घुसले, नडगीचं हाड तुटलं. श्रीनगरला पहिलं ऑपरेशन, मग पुण्याचं कमांड हॉस्पिटल, पायात रॉड, सिक लीव्ह. कॅटेगरी, म्हणजे फौजेतली तब्येतीची श्रेणी, डाऊन झाली. पुढे पुण्यातच हलकी ड्यूटी आणि दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, तेव्हा ती मुलांना घेऊन तिकडे राहायला गेली. वर्षाच्या वर तिथे राहिले. रॉड काढला, पाय भरला, मेडिकल बोर्डाने कॅटेगरी वर केली. शेप वन. फौजेत माणसाची तब्येत या 'शेप'वर मोजतात: मन, कान, हातपाय, अंगातली एकूण ताकद आणि डोळे. पाचही चोख म्हणजे शेप वन. घरी पेढे वाटले. महिनाभरात बातमी आली की पलटण यूएनला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, चालली आहे, दक्षिण सुदानला, वर्षभरासाठी, आणि यादीत त्याचं नाव आहे. यूएनला जायचं तर शेप वन लागतं. म्हणजे पेढे नेमके कशाचे वाटले, हे तिला तेव्हा कळलं.

ती माझ्याकडे आली तो 2025 चा फेब्रुवारी होता. जानेवारीच्या अखेरीस काँगोमधलं गोमा शहर बंडखोरांनी घेतलं होतं. तिथल्या लढाईत शांतिसेनेतले दक्षिण आफ्रिकेचे सैनिक मारले गेले होते. ते सगळे व्हिडिओ तिने रात्री दोन दोन वाजेपर्यंत पाहिले होते. मुलं झोपली की मोबाईल, आवाज बंद, ब्राइटनेस कमी. मी विचारलं, "पण गोमा काँगोत आहे ना? हे तर दक्षिण सुदानला जाणार." ती म्हणाली, "तिकडंच की सगळं."

मी नकाशा काढला. समुपदेशकाच्या खोलीत नकाशा कशाला, असं कोणाला वाटेल. माझ्या टेबलाखाली भारताचा आणि जगाचा, दोन्ही आहेत, कोपरे झिजलेले. भीतीला गावाचं नाव आणि अंतर कळलं की ती निदान एका जागी बसते. गोमा कुठे, दक्षिण सुदान कुठे, मधे किती मुलूख, हे तिने बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे तिथं काय होत नाही?"

इथे 'नाही हो, काही होत नाही' म्हणायचा मोह होतो. नातेवाईक तेच म्हणतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर कोणाचा विश्वास राहत नाही. मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. हा देश 2011 ला स्वतंत्र झाला, 2013 च्या डिसेंबरात तिथे यादवी पेटली, 2018 ला समझोता झाला, पण अधूनमधून धुमसतं. 2013 मध्ये तिथे आपले जवान दोनदा मारले गेले, एप्रिलमध्ये पाच आणि डिसेंबरात अकोबोला दोन. 1950 पासून आजवर यूएनच्या कामात भारताचे दोन लाखांवर सैनिक जाऊन आले, त्यांतले सुमारे 180 परत आले नाहीत. ती ऐकत होती. तिचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. उलट तिने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकवली. "मला वाटलं होतं, तुमी पण म्हणाल काळजी करू नका."

पहिल्या भेटीत मी एक चूक केली, ती सांगून टाकते. मी धरून चालले की प्रश्न हवालदाराचा आहे. लढाईतून आलेल्या माणसाला कधी घर सोसत नाही. बाजार, लग्न, पाहुणे, मुलांचा कलकलाट, सगळ्यात तो उपऱ्यासारखा बसतो आणि 'परत जातो' म्हणतो, कारण तिथलं जगणं त्याला कळतं. असं मी पाहिलं आहे. म्हणून मी तिला त्याच्याबद्दल विचारत राहिले: झोपतो का, चिडतो का, दारू, मुलांशी बोलणं. ती उत्तरं देत गेली. झोप चार-पाच तास. कुकरची शिट्टी अचानक झाली की मान खाली जाते. दिवाळीत दोन दिवस गावाबाहेर मळ्यातल्या खोलीवर राहिला. दारू नाही. मुलांवर हात नाही. आणि हे सगळं पूर्वीपेक्षा कमी झालंय. तासाभरात माझ्या वहीची दोन पानं भरली, आणि तिच्याबद्दल एक ओळ नव्हती.

दुसऱ्या भेटीत वही मिटून ठेवली. म्हटलं, "पुण्याचं क्वार्टर कसं होतं?"

एवढंच विचारलं आणि ती बोलायला लागली. खिडकीबाहेर गुलमोहर होता. सकाळी हा बादलीत पाय बुडवून बसायचा आणि ती गरम पाणी ओतायची. फिजिओथेरपीला जाताना दोघं चालत जायची, पहिल्यांदा वॉकर, मग काठी, मग नुसतंच. वाटेत एका गाड्यावर चहा. थोरलीच्या शाळेच्या गॅदरिंगला तो पहिल्यांदा हजर होता. धाकट्याला सायकल शिकवली, म्हणजे हा बाकावर बसून ओरडायचा आणि ती मागे धावायची. रात्री पाय ठणकायला लागला की दोघं जागी. लग्न झाल्यापासून सलग दोन महिनेही एकत्र राहिली नव्हती ही माणसं. वर्षातून दोनदा सुट्टी, त्यातली अर्धी पाहुण्यांत आणि शेतीच्या कामात. बोलता बोलता ती थांबली आणि एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, पाप लागेल मला. पण याचा पाय मोडला होता ना, तेच माझे दिवस चांगले होते."

मग खूप रडली. मी पाण्याचा ग्लास सरकवला आणि गप्प बसले.

जखमी सैनिकाच्या बायकोला हे वाटतं आणि ती ते कोणाला सांगू शकत नाही. सांगणार कोणाला? सासूला? गावात तर तिची मूर्तीच करून ठेवलेली असते: धीराची, सावित्री. नवऱ्याच्या दुखण्याने तिला नवरा मिळाला होता, आणि आता तो बरा झाल्यामुळे जाणार होता. त्याच्या जिवाची भीती होतीच. पण त्या भीतीखाली हे दुःख दडलेलं होतं, आणि त्याची लाज इतकी की सगळं भीतीच्या नावावर चाललं होतं. गोमाचे व्हिडिओ बघत रात्री जागणं सोपं होतं. 'मला माझा संसार हवा होता' हे म्हणणं अवघड. मी तिला म्हटलं, यात पाप कसलं? चांगले दिवस चांगले होते. पाय मोडावा अशी तुझी इच्छा नव्हती, तो सोबत असावा एवढीच होती.

या भेटीनंतर तिची झोप थोडी सुधारली. मोबाईलचं आम्ही एक ठरवलं. बातम्या संध्याकाळी एकदा, वीस मिनिटं, बसून, दिवा लावून. अंथरुणात नाही. काळजी करायचीच तर तिला वेळ नेमून द्यावी. दिवसभर मनात आलं की 'सहाला' म्हणायचं आणि पुढे जायचं. ऐकायला हे पोरखेळासारखं वाटतं. पहिला आठवडा काहीच होत नाही. नंतर बऱ्याच जणांना सहा वाजता बसल्यावर आठवावं लागतं, की आज काळजी कशाची करायची होती.

हवालदार मार्चच्या पहिल्या आठवड्यात महिन्याच्या सुट्टीवर आला. माझं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तो जिना चढून येताना ती आधीच येऊन बसली होती. पायऱ्यांवर पावलं वाजली तशी ती म्हणाली, "ऐका. उजवा पाय टेकताना जड वाजतो. बोर्डाच्या डॉक्टरांना दिसत नाही, मला ऐकू येतं." मी कान देऊन ऐकलं. मला दोन्ही पावलं सारखीच वाटली.

त्याला मी एकट्याला भेटले. ताठ बसला, दोन्ही हात मांड्यांवर. पहिला प्रश्न त्याचाच होता: "मॅडम, हे कुठं लिहून जाणार का?"

या प्रश्नामागे काय आहे ते फौजी घरात सगळ्यांना ठाऊक असतं. शेपमधली पहिली गोष्ट मन. कागदावर तिथे काही लागलं तर कॅटेगरी गेली, यूएन गेलं, कदाचित प्रमोशनही. म्हणून झोप लागत नाही हे फौजी डॉक्टरला सोडून सगळ्यांना सांगतो, आणि पुष्कळदा कोणालाच सांगत नाही. मी त्याला माझी बाजू सरळ सांगितली. इथे बोललेलं तुझ्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो तुझा हक्क आहे. अपवाद कोणाच्या जिवाला धोका असेल तर. पण मी तुला फिट म्हणणार नाही आणि अनफिटही म्हणणार नाही, ते काम बोर्डाचं. आणि झोपेचं, दचकण्याचं तू युनिटच्या आरएमओ साहेबांना, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांना, स्वतःहून सांगावंस असं माझं मत आहे. ते लपवून वर्षभर परदेशात, हातात हत्यार घेऊन राहणं तुलाही धोक्याचं आणि तुझ्या जोडीच्या माणसालाही. तो काही बोलला नाही. मी प्रश्नावली काढून तासभर सावकाश विचारलं. वाईट स्वप्नं पंधरा दिवसांतून एखादं. स्फोटाची जागा टाळणं नाही, बोलणं टाळणं नाही. दचकणं होतं. माझ्या अंदाजाने हा माणूस आजारी नव्हता, जखम भरत आलेला होता. शरीरावर भरल्या जखमेलाही थंडीत ठणका लागतोच.

मग विचारलं, "का जायचंय?"

"पलटण चाललीय."

हे उत्तर मला माहीत होतं. मी थांबले.

"पैसा पण आहे. खोटं कशाला बोलू. गावात जे यूएनला जाऊन आले त्यांच्या घरावर दुसरा मजला चढला. आमचा पाया घालून तसाच आहे."

हे तो बोलला ते मला आवडलं. देशासाठी, कर्तव्यासाठी असं माझ्यासमोर कोणी बोललं की मला वाटतं, अजून खरी सुरुवात झालेली नाही. त्यात खोटं असतं असं नाही, पण ते शेवटी यावं. आधी पाया, मजला, थोरलीचं शिक्षण.

पुन्हा थांबले. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "पुण्यात गेटवर बसायचो. रजिस्टर भरायचं. कोणी वाईट नाही बोललं कधी. पण कॅटेगरीवाला म्हणायचे. त्यांना देताय ते काम? नको, तो कॅटेगरीवाला आहे. मॅडम, पाय बरा झालाय हे मला कुठं कळणार? गेटवर?"

मग मी एक प्रश्न विचारला, जो मी अशा प्रत्येकाला विचारते. "उद्या फोन आला, पलटणीचं रद्द झालं. कुणीच जात नाही. तुझ्यावर ठपका नाही, फिटच्या फिट. तर?"

तो बराच वेळ गप्प होता. मग हसला, आणि हसतानाच डोळे भरून आले. "तर आज रात्री बिनघोर झोपेन."

हा प्रश्न म्हणजे सापळा नाही. 'तर मला चैन पडणार नाही, मी दुसरीकडून जाईन' असं जो म्हणतो त्याच्याशी मी अजून खूप बोलते, कारण मग त्याला तिथे ओढणारं काही वेगळं असतं. बरोबरचे गेले आणि आपण उरलो याचं ओझं असतं, किंवा घरातूनच पळायचं असतं. ज्याला सुटल्यासारखं वाटतं, त्याला भीती वाटते आणि तरी जायचं आहे. असा माणूस मला जास्त शाबूत वाटतो. "बायकोला सांगितलंस, तुलाही भीती वाटते म्हणून?" तो दचकल्यासारखा बघायला लागला. "तिला सांगितलं तर ती सोडेल का मला?"

त्याच आठवड्यात, 7 मार्चला, दक्षिण सुदानमध्ये नासिर इथे जखमींना न्यायला आलेल्या यूएनच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला. हेलिकॉप्टरवरचा एक कर्मचारी मारला गेला. आता गोमा नाही, काँगो नाही, नेमका तोच देश. तिचा मला फोन आला तो रात्री साडेदहाला. मी तेव्हा फोन घेत नाही, त्या दिवशी घेतला. ती रडत नव्हती. फार शांत आवाजात म्हणाली, "यांना विचारलं तर म्हणाले, आपला नव्हता तो. आणि कूस बदलून झोपले. झोपले नाहीत, मला कळतं. पण कूस बदलली."

दोन दिवसांनी मी दोघांना एकत्र बोलावलं. आणि तिने विचारलं म्हणून सासू-सासऱ्यांनाही. एरवी मी एवढी माणसं एकदम बसवत नाही. पण या घरात सासरे स्वतः माजी सैनिक, त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही, तर मग त्यांना बाहेर ठेवून काय साधणार होतं?

सासरे आले तेच बोलायच्या तयारीने. 1971 च्या लढाईत सुरुंगावर पाय पडलेले मेजर इयान कार्डोझो, त्यांनी स्वतःच्या खुकरीने पाय कापला, पुढे नकली पायावर चालून पलटणीचं नेतृत्व केलं. गोष्ट खरी आहे आणि तो माणूस थोर आहे. पण अशा गोष्टी मला घरात ऐकायला आल्या की मी जरा सावध होते. एकाच्या जिद्दीची गोष्ट दुसऱ्याच्या गळ्यात हुकूम म्हणून अडकवता येत नाही. खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये मणक्याला मार बसलेले जवान चाकाच्या खुर्चीवर आयुष्य काढतात. ते परत गेले नाहीत. ते काय कमी पडले? हे मी सासऱ्यांना थोड्या तिखट शब्दांत म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं असं नाही. "आम्ही पण गेलोच की श्रीलंकेला," ते म्हणाले. "1987 ला. कुठं काय झालं?" श्रीलंकेत भारताच्या शांतिसेनेचे अकराशेच्या वर जवान मारले गेले होते. ते आकडे त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत असणार.

तेव्हा सासूबाई बोलल्या. तोवर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. "काय झालं न्हाई कसं? तुमास्नी न्हाई झालं."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"तारवाला शिवंवर दिसला की मी रानात पळायची. ह्याला काखंला मारून." त्यांनी मुलाकडे बोट केलं. "उसात जाऊन बसायची. मला वाटायचं, मी घावलेच न्हाई तर तार कुणाला देनार त्यो? तार देता आली न्हाई म्हंजे काय झालंच न्हाई. दोन वर्सं पळत हुते. एकदा ह्याला उसात मुंगळं चावलं, अंगभर. घरी येऊन सांगितलं, खेळताना चावलं."

सासरे काहीच बोलले नाहीत. या माणसाने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं, छत्तीस-सदतीस वर्षांनी. हवालदार आपल्या हाताकडे बघत होता, जणू मुंगळ्यांचे डाग अजून असतील. आणि माझी ती, सासूकडे वळून म्हणाली, "आत्या, मला कधी सांगितलं नाही तुमी." सासूबाई म्हणाल्या, "कशाला सांगायचं? तू बी पळाली असतीस."

मग तिने नवऱ्याकडे बघितलं. आवाज चढला नव्हता. "तुमाला भीती वाटत नाही म्हणता, म्हणून मला दुप्पट वाटते. तुमच्या वाटची पण मलाच. दोघांची भीती मला एकटीला करावी लागते."

हवालदार बराच वेळ गप्प. मी मधे पडले नाही, आणि ते फार कठीण गेलं. शेवटी तो बोलला, वडिलांकडे न बघता. "वाटते मला. परवा त्या हेलिकॉप्टरचं बघितल्यापासून पोटात गोळा आहे."

ती रडेल, 'मग जाऊ नका' म्हणेल, हेच त्याला वाटत होतं. ती म्हणाली, "मग कूस कशाला बदलली?"

पुढच्या दोन भेटी कोरड्या कामाच्या होत्या, आणि मला त्या तितक्याच महत्त्वाच्या वाटतात. जायच्या आधी काय काय करायचं याची यादी दोघांनी मिळून केली. धाकट्याचं नाव पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे फौजेतल्या घरच्या नोंदीत, बरोबर लागलंय का ते बघायचं. जन्मतारखेत चूक होती, ती दुरुस्त झाली. नॉमिनी, बँकेतलं जोडखातं, घराची कागदपत्रं कुठल्या ट्रंकेत आहेत. हे बोलणं अशुभ म्हणून बहुतेक घरं टाळतात, आणि मग तीच गोष्ट मनात रोज रात्री बोलली जाते. त्यापेक्षा एकदा दिवसाउजेडी बोलावी. आणि फोनचं. तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. आपले साडेनऊ म्हणजे त्यांचे संध्याकाळचे सहा. पावसाळ्यात तिथे नेटवर्क जातं, माणूस दोन-दोन दिवस गस्तीवर असतो. मग फोन लागला नाही तर? त्यांनी ठरवलं: पहिले दोन दिवस काही करायचं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पलटणीच्या इथल्या रिअर पार्टीला, म्हणजे मागे राहिलेल्या तुकडीला, फोन, आणि तो तिनेच करायचा, सासऱ्यांनी नाही. रिअर पार्टीच्या हवालदाराचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये, फ्रिजवर आणि सासूबाईंच्या पाकिटात. सासूबाईंना वाचता येत नाही, तरी त्यांनी हट्टाने घेतला.

आरएमओंना त्याने झोपेचं सांगितलं, असं तो म्हणतो. त्यांनी बोलावून तपासलं, आणखी एकदा बघितलं, आणि जायला हरकत घेतली नाही. मी विश्वास ठेवला. याहून जास्त माझ्या हातात नव्हतं, आणि हे मला आवडत नाही, तेही लिहून ठेवते.

क्वार्टरचाही विषय तिनेच काढला. वर्ष संपलं की फॅमिली ठेवता येईल अशी पोस्टिंग मागायची, आणि तो अर्ज परत आल्यावर करायचा नाही, जायच्या आधी कंपनीत बोलून ठेवायचं. "पाय न मोडता जरा राहून बघू म्हटलं," ती त्याला म्हणाली. माझ्यासमोर. तो इतका हसला की बाहेर बसलेल्या पुढच्या पेशंटने आत डोकावलं.

पिवळ्या तापाची लस घेतल्याचं छोटं पिवळं पुस्तक धाकट्याने दोन दिवस शाळेत नेलं. 'माझ्या पप्पांचा पासपोर्ट' म्हणून.

तो मे महिन्यात गेला. ती आता महिन्यातून एकदा येते, कधी येतही नाही, नुसता फोन करते. तो सांगतो तिकडची माती काळी आहे, आपल्या कापसाच्या जमिनीसारखी, पाऊस पडला की गाडी चाकाएवढी रुतते आणि मग दिवसभर तेच काम. तिकडच्या लोकांची सगळी इस्टेट म्हणजे गाई, लांब शिंगांच्या. आपल्या सैन्याचे पशुवैद्य त्यांची जनावरं तपासतात तेव्हा मैलामैलांवरून माणसं गुरं हाकत येतात. सासरे फोन हातात घेऊन शिंगांची लांबी विचारतात. खिल्लाराशी तुलना चालते. फोनवर पावलं ऐकू येत नाहीत, ही तिची एक तक्रार.

जुलैत एकदा दोन दिवस फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिने रिअर पार्टीला फोन लावला. सासूबाई शेजारी बसून होत्या. नेटवर्क गेलंय, सगळे ठीक आहेत, असं कळलं. तिला मी विचारलं, ते दोन दिवस कसे काढले? म्हणाली, "आत्या नि मी उसाला पाणी धरायला गेलो." आणि मग स्वतःच हसली, उसाचा अर्थ लक्षात येऊन.

गेल्या आठवड्यातला तिचा फोन. रात्री बोलताना तो म्हणाला होता, काल कोणाचा तरी पत्र्याचा डबा पडला आणि मी एकदम खाली बसलो, सगळ्यांसमोर. असं काही त्याने तिला आपणहून पहिल्यांदाच सांगितलं होतं.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार मॅडम. विचारलं, मग हसले का बाकीचे? तर म्हणाले, नाही, दोघं माझ्याआधी बसले होते."